कूलरचा तळ घासावा का? सपाटीचा हिशेब

घरातली हजार वॅटची इस्त्री घ्या. तिच्या तव्याचे क्षेत्रफळ साधारण २०० चौरस सेंटिमीटर धरले, तर एकेका चौरस सेंटिमीटरमधून पाच वॅट उष्णता बाहेर पडते, आणि तेवढ्याने कापड करपते. आता २०२२ साली आलेला इंटेलचा कोअर आय-९ १३९००के हा प्रोसेसर घ्या. पूर्ण जोराने चालताना तो २५३ वॅटपर्यंत वीज घेतो आणि जवळजवळ ती सगळी उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकतो. ही उष्णता ज्या सिलिकॉनच्या चिपमधून निघते, ती अवघी २५७ चौरस मिलिमीटरची आहे. म्हणजे चौरस सेंटिमीटरला जवळपास शंभर वॅट, इस्त्रीच्या वीसपट. शिवाय इस्त्रीचा तवा दोनशे अंशांना गेला तरी बिघडत नाही. या चिपला मात्र शंभर अंश सेल्सिअसच्या आत राहावे लागते. ती मर्यादा गाठली की ती स्वतःच आपला वेग कमी करते.

एवढी उष्णता चिपपासून पंख्याच्या हवेपर्यंत पोचवायची, तर वाटेतला प्रत्येक सांधा चोख हवा. त्यातला एक सांधा वापरणाऱ्याच्या हातात असतो: कूलरचा धातूचा तळ प्रोसेसरच्या झाकणावर जिथे टेकतो ती जागा. म्हणूनच गेली पंचवीसेक वर्षे जगभरचे हौशी लोक जाड काचेवर वॉटर पेपर पसरून कूलरचे तळ घासत आले आहेत. कुणी आरशासारखी चकाकी येईपर्यंत घासतो, कुणी त्यापुढे जाऊन प्रोसेसरचे झाकणही घासतो. कारखान्यांच्या टूलरूममध्ये या कामाला लॅपिंग म्हणतात, आणि कॉम्प्युटरवाल्यांनीही तोच शब्द उचलला आहे.

याने खरेच फरक पडतो का? पडतो, पण सांधा मुळात वाकडा असेल तरच. आणि जो फायदा होतो तो सपाटीचा असतो. चकाकीचा वाटा त्यात जवळजवळ नसतो. हे का, ते आकड्यांनिशी समजून घेण्यासारखे आहे.

टेकलेले दिसते, पण टेकत नाही

दोन गुळगुळीत धातूचे ठोकळे एकमेकांवर ठेवले की ते पूर्ण पृष्ठभागावर टेकले असे आपण समजतो. केंब्रिजमध्ये फ्रँक फिलिप बाउडन आणि डेव्हिड टेबर यांनी १९३९ साली या समजुतीची परीक्षा घेतली. एकमेकांवर दाबलेल्या धातूंमधून वीज किती सहज जाते हे मोजून त्यांनी प्रत्यक्ष स्पर्शाचे क्षेत्रफळ काढले. ते दिसणाऱ्या क्षेत्रफळाचा अगदी लहानसा अंश निघाले. उत्तम घासलेल्या पृष्ठभागावरही सूक्ष्म उंचवटे असतात आणि एका पृष्ठभागाचे शेंडे दुसऱ्याच्या शेंड्यांवर टेकतात. उरलेल्या जागेत पोकळ्या राहतात आणि पोकळ्यांत हवा भरलेली असते.

इथेच खरी अडचण आहे. उष्णता वाहून नेण्याची तांब्याची क्षमता, म्हणजे उष्णतावाहकता, मीटर-केल्व्हिनला सुमारे ४०० वॅट आहे. शुद्ध ॲल्युमिनियमची सुमारे २३७, निकेलची ९० च्या आसपास. हवेची मात्र केवळ ०.०२६. तांबे हवेपेक्षा सुमारे पंधरा हजार पटींनी चांगले वाहक आहे. थर्मल पेस्टमध्ये धातूच्या ऑक्साइडची किंवा तत्सम पदार्थांची बारीक पूड तेलकट द्रवात मिसळलेली असते. तिची वाहकता चांगल्या पेस्टमध्ये पाच-दहाच्या घरात असते. तांब्यापुढे ती काहीच नाही. हवेपुढे ती शेकडो पटींनी सरस आहे. म्हणून पेस्टचे काम एकच: पोकळ्यांतली हवा हुसकून तिची जागा घेणे. जिथे धातू धातूला टेकतो तिथे पेस्टची गरज नसते, आणि दोन धातूंमध्ये पेस्टचा जितका जाड थर उरेल तितका तो अडथळाच ठरतो.

हा अडथळा मोजायचे सूत्र जोसेफ फुरिए या फ्रेंच गणितज्ञाच्या १८२२ च्या उष्णताविषयक ग्रंथापासून चालत आले आहे: थराची जाडी भागिले (वाहकता गुणिले क्षेत्रफळ). एक उदाहरण करून पाहू. प्रोसेसरच्या झाकणावर उष्णता मुख्यतः मधल्या दोन चौरस सेंटिमीटरमधून जाते असे धरू आणि उष्णता शंभर वॅट घेऊ. कूलर व झाकण यांच्यात तिथे ५० मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या विसाव्या भागाची फट आहे. ती फट तांब्याने भरलेली असती, तर तिच्या दोन बाजूंच्या तापमानात ०.०६ अंशांचा फरक पडला असता. पाच वाहकतेच्या पेस्टने भरली, तर पाच अंशांचा फरक पडतो. आणि नुसती हवा असेल, तर हिशेबाने साडेनऊशे अंशांहून अधिक. म्हणजे उष्णता जाणारच नाही आणि चिप स्वतःला बंद करून घेईल.

आता कूलर आणि झाकण दोन्ही घासून, फट ५० वरून २० मायक्रॉनवर आणली असे समजा. पेस्टमधला फरक पाच अंशांवरून दोन अंशांवर येतो. शंभर वॅटला तीन अंश मिळाले, दोनशे वॅटला सहा मिळतील. लॅपिंगचा सगळा लाभ या हिशेबात आहे. मुळातच फट २० मायक्रॉनची असेल, तर घासून उरलेल्या दोन अंशांतला थोडासा भाग तेवढा मिळू शकतो, कारण पेस्टमधल्या कणांमुळे तिचा थर एका मर्यादेपेक्षा पातळ होतच नाही.

हवेच्या फटीशी मोठमोठ्या कंपन्याही झगडल्या आहेत. आयबीएमने १९८० साली जाहीर केलेल्या ३०८१ या मोठ्या संगणकात एका पेटीत शंभरच्या आसपास चिप होत्या. सगळ्यांची उंची तंतोतंत सारखी ठेवणे अशक्य होते. म्हणून प्रत्येक चिपवर स्प्रिंगने दाबलेला ॲल्युमिनियमचा एक दट्ट्या टेकवला आणि उरलेल्या फटींत हवेऐवजी हेलियम वायू भरला. हेलियमची वाहकता हवेच्या जवळजवळ सहापट आहे. फट मिटवता येत नसेल तर तिच्यात काय भरायचे हे ठरवा, हा तो धडा. आजची थर्मल पेस्टही तेच काम करते.

सपाटी वेगळी, चकाकी वेगळी

पृष्ठभागाचे दोष दोन मापांवर असतात. एक बारीक: यंत्राच्या कटरने सोडलेल्या रेघा, ओरखडे. ते एखाद-दोन मायक्रॉन किंवा त्याहून कमी खोल असतात. दुसरा मोठा: सगळा तळच मध्ये फुगलेला किंवा खचलेला असणे. हा फुगवटा सहज दहा-वीस मायक्रॉन, कधी त्याहूनही जास्त असतो. डोळ्यांना मात्र उलटे दिसते. रेघा ठळक दिसतात आणि खुपतात; फुगवटा दिसतच नाही. बफिंगच्या कापडी चाकावर तळ धरला, तर रेघा पाच मिनिटांत जातात आणि चेहरा दिसेल असा आरसा होतो. पण मऊ चाक कडा जास्त खाते, म्हणून मूळचा फुगवटा वाढतो. कूलर चकचकीत दिसतो आणि काम पहिल्यापेक्षा वाईट करतो.

खरी सपाटी मिळवणे किती अवघड आहे, हे इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थने १८४० साली ग्लासगोला ब्रिटिश असोसिएशनपुढे मांडले. दोन पाटे एकमेकांवर घासले की दोन्ही सपाट होतात, हा तोवरचा समज त्याने खोडला. दोन पाटे एकमेकांत नीट बसू लागतात हे खरे, पण एक फुगीर आणि दुसरा तितकाच खोलगट असला तरीही ते नीट बसतात. दुर्बिणीचे आरसे घासणारे नेमका याचाच फायदा घेतात: दोन काचा एकमेकींवर घासत गेले की वरची खोलगट होते आणि खालची फुगीर. पुण्यात आयुकाच्या कार्यशाळांतून हाताने दुर्बिणी केलेल्यांना हे अनुभवाने ठाऊक आहे. व्हिटवर्थचा उपाय तीन पाट्यांचा होता. तिघांनी आळीपाळीने एकमेकांशी जुळले पाहिजे. पहिला फुगीर असेल, तर दुसरा आणि तिसरा दोघेही खोलगट हवेत. पण मग ते दोघे आपसांत जुळणार नाहीत. तिघेही सपाट असले तरच तिन्ही जोड्या जमतात. त्याने एमरीची पूड टाकून घासण्याला विरोध केला, कारण पूड कुठे किती खाईल यावर कारागिराचा ताबा राहत नाही. त्याऐवजी रंग लावून उंच ठिपके शोधायचे आणि तेवढेच खरडायचे, असा त्याचा आग्रह होता.

घरी कूलर घासणाऱ्याला तीन पाटे करावे लागत नाहीत, कारण सपाटी त्याला विकत मिळते. १९५९ साली ब्रिटनच्या पिल्किंग्टन कंपनीने वितळलेल्या कथिलावर काच तरंगवून ओतण्याची पद्धत जाहीर केली. आज खिडक्यांना आणि टेबलांना लागणारी बहुतेक काच याच पद्धतीची असते. दहा-बारा मिलिमीटर जाडीचा असा तुकडा सपाट टेबलावर ठेवला, की लहान तळापुरती भरवशाची पाटी तयार होते.

लॅपिंगचा काळ

१९९८ साली इंटेलचा सेलेरॉन ३००ए आला. त्याची बस, म्हणजे बाकी संगणकाशी जोडणारी माहितीची वाट, ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर नेली, की ३०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर ४५० वर धावे. स्वस्तात वेग मिळवण्याचा हा नाद तिथून पसरला, आणि वेगाबरोबर उष्णता वाढल्याने कूलरकडे लक्ष गेले. तेव्हाचे बरेच कूलर साच्यातून दाबून काढलेल्या ॲल्युमिनियमचे होते आणि त्यांच्या तळावर साच्याच्या रेघा उघड दिसत. ते घासणे ही सरळ सुधारणा होती. २००० च्या सुमाराच्या एएमडीच्या ॲथलॉनवर झाकण नव्हते. कूलर थेट उघड्या चिपवर बसे. टेकायची जागा एवढीशी, म्हणून तळाचा तेवढा मधला भाग चांगला असला की पुरत असे. पण कूलर तिरका बसला तर चिपचा कोपरा तुटे. इंटेलने पेंटियम ४ वर आणि एएमडीने २००३ च्या ॲथलॉन ६४ वर निकेलचा मुलामा दिलेले तांब्याचे झाकण बसवले, त्यामुळे चिप सुरक्षित झाली. बदल्यात आणखी एक वक्र पृष्ठभाग मध्ये आला. झाकण कडेने पक्के केलेले असते आणि आत चिपला जोडलेले असते; बनताना ते तापते, निवते आणि किंचित वाकते. २००७ च्या सुमारास कोअर २ क्वाड क्यू६६०० च्या मालकांत झाकण घासण्याची जणू लाटच आली होती.

मग २०१२ साल आले. इंटेलने आयव्ही ब्रिज प्रोसेसरांत चिप आणि झाकण यांच्यातली धातूची डाखणी काढून तिथे पेस्ट भरली. प्रोसेसर तापू लागले. हौशी लोकांनी झाकण उचकटून पाहिले तेव्हा कळले, की पेस्टचा दर्जा हा एक भाग झाला. कडेचा काळा गोंद झाकणाला किंचित उचलून धरत होता, म्हणून आतला थर जाड राहिला होता. गोंद खरवडून झाकण परत बसवले की तापमान घसरे. पुन्हा फटच. २०१८ च्या आय-९ ९९००के मध्ये डाखणी परत आली, पण चिपचे सिलिकॉन जाड होते. ‘डेअरबाउअर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जर्मनीच्या रोमान हार्टुंगने उघडी चिपच घासून पातळ केली आणि काही अंश मिळवून दाखवले. दोन वर्षांनी दहाव्या पिढीच्या वरच्या प्रोसेसरांत इंटेलने स्वतःच चिप पातळ करून झाकणाचे तांबे जाड केले. सिलिकॉनची वाहकता सुमारे १५०, तांब्याची ४००; वाटेतले सिलिकॉन कमी करून तांबे वाढवण्यात शहाणपण होते.

वाकडेपणा मुद्दाम ठेवलेलाही असतो

घासायला बसण्याआधी समजून घ्यायची सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही, की प्रत्येक फुगवटा हा दोष नसतो. कूलर दोन किंवा चार स्क्रूंनी कडेने आवळला जातो, आणि चिप असते मध्ये. तळ किंचित फुगीर ठेवला, तर सर्वाधिक दाब मध्यावर, नेमका चिपच्या डोक्यावर येतो आणि तिथला पेस्टचा थर सर्वांत पातळ होतो. कडेला थर जाड राहिला तरी तिथून जाणारी उष्णता थोडी असते. अनेक कंपन्या हा फुगवटा विचारपूर्वक देतात. तो घासून काढणारा माणूस कूलर सुधारत नाही, बिघडवतो.

२०२१ च्या इंटेलच्या एलजीए-१७०० सॉकेटने हे सगळ्यांच्या लक्षात आणून दिले. यातला प्रोसेसर लांबट आहे, आणि सॉकेटची पकड त्याला दोन लांब बाजूंच्या मध्यावरच दाबते. त्यामुळे झाकण मध्ये खचते. इंटेलचे म्हणणे होते, की एवढ्या वाकण्याने प्रोसेसर ठरलेल्या मर्यादेबाहेर जात नाही. पण अंश-अंश मोजणाऱ्यांना ते पटले नाही. कुणी पकडीखाली वॉशर घातले. थर्मल ग्रिझली आणि थर्मलराइट यांनी मूळ पकड काढून जागी बसवायच्या चौकटी विकायला आणल्या, ज्या प्रोसेसरला चहूबाजूंनी सारख्या दाबतात. घासून वाकडेपणा काढण्यापेक्षा वाकवणारा दाबच काढून टाकणे हा जास्त समंजस उपाय होता. पुढच्या एलजीए-१८५१ सॉकेटसाठी इंटेलनेच कमी दाबाची पकड आणली.

ऑस्ट्रियाच्या नॉक्टुआ कंपनीने २०२४ साली एनएच-डी१५ जी२ हा कूलर बाजारात आणला, तो तीन प्रकारच्या तळांत: मध्यम फुगीर, जास्त फुगीर आणि जवळजवळ सपाट. जास्त फुगीर तळ मूळ पकडीने दबून खचलेल्या एलजीए-१७०० प्रोसेसरांसाठी. सपाट तळ एएमडीच्या एएम५ सारख्या सपाट झाकणांसाठी आणि चौकट बसवलेल्या किंवा घासून सपाट केलेल्या प्रोसेसरांसाठी. एकाच कूलरचे तीन आकार काढण्याइतका फरक काही मायक्रॉनच्या वक्रतेने पडतो. मात्र जास्त चकचकीत तळाची चौथी आवृत्ती काढावी असे कुणाला वाटले नाही, हेही ध्यानात घ्या.

आधी तपासा

म्हणून पहिले हत्यार वॉटर पेपर नव्हे. वापरात असलेला कूलर सोडवा आणि पेस्टचा ठसा पाहा. मध्यभागी थर इतका पातळ, की खालचा धातू जाणवतो, आणि कडेला किंचित जाड: हा ठसा चांगला. मध्ये जाड थर आणि कडेला धातू उघडा: इथे मध्यात फट आहे, आणि ती चिपच्या डोक्यावरच आहे. एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ: कूलर तिरका बसला होता, घासायची गरज नाही, स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळा. मग सरळ कडेची चांगली पोलादी पट्टी किंवा गुण्या तळावर उभा धरून मागून उजेड पाहा. आडवे, उभे आणि दोन्ही कर्णांवर. काही मायक्रॉनची फटही उजेडात दिसते.

तुलना करायची तर तीही नीट करा. खोलीचे तापमान लिहून ठेवा, कारण कूलर चिपला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. तो फक्त दोन्हींतला फरक कमी करतो. मे महिन्यात नागपूरच्या बंद खोलीत आधीच्या मोजणीपेक्षा बारा-पंधरा अंश जास्त असतील, तर चिपवरही साधारण तेवढेच वाढलेले दिसतील, आणि लॅपिंगचे तीन अंश त्यात बुडून जातील. दुसरे, प्रोसेसरची वीज एका आकड्यावर बांधून ठेवा. आजचे प्रोसेसर थंडावा मिळाला की आपणच वेग वाढवतात. एएमडीचे रायझन ७००० मालिकेतले वरचे प्रोसेसर तर पूर्ण भाराखाली ९५ अंशांपर्यंत जायचेच असे ठरवून बनवलेले आहेत. तिथे कूलर सुधारला तरी तापमान तेच दिसते आणि फायदा वेगात मिळतो.

घासायचेच असेल तर

तपासणीत तळ खरोखर वाकडा निघाला आणि तो तांब्याचा एकसंध ठोकळा असेल, तर काम घरी करता येते. पंखा काढा. काच पाण्याने ओली करून तिच्यावर सिलिकॉन कार्बाइडचा, म्हणजे काळा वॉटर पेपर पसरा. पेपरवर साबणाच्या पाण्याचे काही थेंब टाका; त्याने धातूची पूड वाहून जाते, पेपर चोंदत नाही आणि पूड हवेत उडून श्वासातही जात नाही. पेपर चहूबाजूंनी ताणून चिकटवा. सैल पेपर तळाच्या पुढच्या कडेसमोर फुगतो आणि कडा खातो. घरच्या लॅपिंगमध्ये तळ फुगीर होण्याचे हे नेहमीचे कारण आहे.

तळावर परमनंट मार्करने जाळी काढा. व्हिटवर्थच्या रंगाचे हे घरगुती रूप. पहिल्या काही फेऱ्यांत जिथली शाई जाईल ते उंचवटे, जिथली राहील ते खळगे. सगळी शाई एकदम जाऊ लागली की तळ सपाट झाला. उंच कूलर वरून धरला तर डोलतो आणि डोलणे म्हणजे पुन्हा गोलाई. म्हणून पकड शक्य तितकी खाली, तळाजवळ ठेवा. वरून दाबू नका, कूलरचे वजन पुरेसे असते. एकाच दिशेने सरळ ओढा, थोड्या फेऱ्यांनंतर कूलर पाव वळसा फिरवा, म्हणजे हाताचा कल एकाच बाजूला साचत नाही.

वाकडेपणा जास्त असेल तर ४०० नंबरपासून सुरुवात करा, कमी असेल तर ६०० पासून. खरी सपाटी या पहिल्या पेपरवरच मिळते. शाईची परीक्षा इथेच पास व्हायला हवी. पुढचे पेपर फक्त आधीचे ओरखडे पुसतात. पेपर बदलताना काच, तळ आणि हात स्वच्छ धुवा, कारण जाड पेपरचा एक कण मागे राहिला तरी नवे ओरखडे पाडतो. नव्या पेपरवर आधीच्या रेघांना काटकोनात घासा; जुन्या रेघा दिसेनाशा झाल्या की पुढे जा.

थांबायचे कुठे? युरोपीय प्रमाणानुसार पी४०० च्या कणाचा आकार सुमारे ३५ मायक्रॉन, पी१००० चा १८ आणि पी२००० चा १० असतो. धातूवर पडणारा ओरखडा कणाच्या आकारापेक्षा पुष्कळच उथळ असतो. हजार नंबरनंतर राहिलेले ओरखडे पेस्टच्या थरापुढे नगण्य ठरतात. त्यापुढचे दोन हजारपर्यंतचे कष्ट डोळ्यांच्या समाधानासाठी आहेत. ते समाधान हवे असेल तर अवश्य घ्या, पण पितळ चमकवायचे पॉलिश वापरू नका. त्याचा तेलकट अंश बारीक रेघांत राहतो. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि पेस्ट बेताने लावा.

ज्याला पेपर लावू नये

काही कूलरांत हीटपाइप चपट्या करून थेट तळाशी उघड्या ठेवलेल्या असतात. हीटपाइप ही तांब्याची बंद नळी असते. आत थोडे पाणी आणि अगदी कमी दाब असतो. गरम टोकाला पाण्याची वाफ होते, थंड टोकाला ती पुन्हा पाणी होते आणि आतल्या वातीसारख्या अस्तरातून परत येते. नळीची भिंत मिलिमीटरपेक्षाही पातळ असते. घासताना तिला सुईएवढे भोक पडले तरी ती नळी कायमची निकामी होते. असे कूलर घासू नका. पाण्याने थंड करणाऱ्या कूलरांचा तळही पातळ असतो आणि बहुधा मुद्दाम फुगीर केलेला असतो. त्यालाही हात लावू नये. लॅपटॉप आणि ग्राफिक्स कार्डांत झाकणाशिवायची उघडी चिप असते. सिलिकॉन ठिसूळ असते. तिथे पेपर नेणे म्हणजे यंत्र गमावणे. रोमान हार्टुंगने जे केले ते साधने, अनुभव आणि प्रोसेसर गमावण्याची तयारी असलेल्या माणसाचे काम होते.

प्रोसेसरचे झाकण घासणे शक्य असते, पण त्याची किंमत नीट समजून घ्या. झाकणावर कोरलेली ओळख पुसली जाते आणि वॉरंटी त्याबरोबर जाते. निकेलचा मुलामा घासताच खालचे लालसर तांबे दिसू लागते. कडेला आधी दिसले तर झाकण मध्ये खचलेले होते, मध्ये आधी दिसले तर फुगीर होते. तांब्याची पूड वीज वाहून नेते. ती सॉकेटच्या पिनांत किंवा झाकणाजवळच्या बारीक भागांवर गेली तर बोर्डाचा घात होतो. आणि ज्यांना गॅलियमचे द्रवधातू लावायचे आहेत त्यांनी निकेल शाबूत ठेवलेलेच बरे, कारण गॅलियम उघड्या तांब्यात हळूहळू शिरते. ॲल्युमिनियमचा तर ते पार भुगा करते, म्हणून ॲल्युमिनियमच्या तळावर ते कधीच लावू नये.

निवाडा

चिपपासून हवेपर्यंतच्या वाटेत कूलर-झाकणाचा सांधा हा अनेक टप्प्यांतला एक आहे. चिप आणि झाकण यांच्यातली डाखणी, झाकणाचे तांबे, हीटपाइप, पाती, पंखा आणि कॅबिनेटमधला वारा हे सगळे आपापले अंश मागतात. पातींतली धूळ काढणे, कॅबिनेटला वारा मिळू देणे, स्क्रू सारखे आवळणे, जुनी पेस्ट बदलणे आणि प्रोसेसरची वीजमर्यादा थोडी खाली आणणे, यांपैकी एकेक उपाय लॅपिंगच्या तीन अंशांइतका किंवा त्याहून जास्त फायदा देऊन जातो, आणि त्यात काहीच गमवावे लागत नाही.

तरीही या छंदाबद्दल मला मनापासून आदर आहे. वॉटर पेपर, काच आणि शाई घेऊन बसलेला मुलगा व्हिटवर्थने मांडलेला प्रश्न स्वतःच्या हाताने सोडवत असतो, आणि सपाट म्हणजे काय हे त्याला कायमचे कळते. माझे सांगणे इतकेच: आधी पेस्टचा ठसा पाहा, मग पट्टीमागून उजेड पाहा, तापमान आणि वीज लिहून ठेवा, आणि तळ तांब्याचा, एकसंध आणि खरोखर वाकडा असेल तरच पेपर हाती घ्या. हजार नंबरवर थांबा. दुसरा प्रोसेसर घ्यायची ऐपत आणि तयारी नसेल, तर झाकणाच्या वाटेला जाऊ नका.